घोड्याच्या खाचेतली हळद

मी जुना आहे, हे तुम्हाला माझ्या मुठीवरूनच कळेल, मित्रांनो. तिच्या लाकडावर कधीकाळी वेलबुट्टी होती. इतक्या तळहातांनी ती घासली गेली की आता बोट फिरवलं तर नुसता गुळगुळीतपणा लागतो. मी एक रिव्हॉल्व्हर आहे, आणि तोही मोठ्या बोअरचा. माझ्या नळीच्या तोंडात लहान मुलाची करंगळी सहज जाईल, पण कृपा करून घालून बघू नका. हिंगोलीच्या बाजारात इस्माईलचाचांचं परवानाधारक शस्त्रांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्यात खालून दुसऱ्या फळीवर मी पडून असतो. पडून असतो म्हणजे निवांत असतो, असं मात्र समजू नका. दारावरची घंटी वाजली की माझी घालमेल सुरू होते, आणि गिऱ्हाईक परत जाईपर्यंत ती काही थांबत नाही.

माझी ठेवण थोडी समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. माझ्या पोटात सहा घरांची फिरकी आहे. प्रत्येक घरात एक गोळी बसते. खाली बोटाने दाबायचा चाप आहे आणि पाठीवर लोखंडाचा एक आकडा आहे, त्याला घोडा म्हणतात. आजकालच्या रिव्हॉल्व्हरचा नुसता चाप दाबला की काम होतं. माझ्याशी असली घाई चालत नाही. आधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. तो ओढताना ‘कट्’ असा आवाज होतो, फिरकी एक घर पुढे सरकते, आणि मगच चाप हलतो. दुसरी गोळी हवी असेल तर पुन्हा घोडा, पुन्हा ‘कट्’. माझा घोडा जडही फार आहे. नव्या माणसाचा अंगठा पहिल्या खेपेला हमखास निसटतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. कोणत्या, ते मला आता सांगता येणार नाही. नळीवरचं नाव केव्हाच झिजून गेलं. निजामाच्या राजवटीत मी या मुलखात आलो आणि एका अमीनसाहेबांच्या कमरेला लागलो. अमीन म्हणजे तेव्हाचे पोलीस अधिकारी. दर शुक्रवारी साहेब स्वतः बैठक मारून मला तेल द्यायचे आणि मऊ फडक्याने पुसायचे. मी दिसलो की ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहायची. तो काळ माझा होता, मित्रांनो, आणि मला त्याचा गर्व होता. साहेब गेले. त्यांची मुलं दूरच्या शहरांत पांगली. परवान्याचं नूतनीकरण करायला कुणाला सवड होईना, तेव्हा त्यांनी मला इस्माईलचाचांच्या वडिलांकडे विकायला दिलं. तेव्हापासून हे कपाट माझ्या वाट्याला आलं.

कपाटातलं जगणं फार वाईट. शेजारच्या फळीवर नवे, छोटे, चकचकीत भाऊबंद यायचे आणि महिन्याभरात कुणाच्या तरी घरी जायचे. मला लोक हातात घ्यायचे, ‘बापरे, केवढं हे धूड’ म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. माझ्या गोळ्याही सहजासहजी मिळत नाहीत. म्हणजे महाग खाणं आणि धीमी चाल, अशा पाहुण्याला कोण घरी नेणार? मी मनातल्या मनात जळायचो. कुणीतरी मला निवडावं, एवढीच एक इच्छा उरली होती.

इथे चाचांच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. सरकारी परवाना हातात असला तरी चाचा एकट्या माणसाला हत्यार विकत नाहीत. ‘घरातलं मानूस घेऊन या,’ म्हणतात. बायको, आई, लेक, कुणीही चालेल, पण तो माणूस दुकानात येऊन हत्यार डोळ्यांनी बघेल आणि मगच सौदा. ही अट सरकारने घातलेली नाही. चाचांच्या वडिलांची आहे. कागदांचं सगळं काम चाचांची नात तरन्नुम पाहते, आणि तीही या बाबतीत आजोबांपेक्षा कडक आहे. त्यामुळे कितीतरी गिऱ्हाइकं पाय आपटत निघून जातात.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तातेराव पाटील आले. आखाडा बाळापूरजवळ त्यांचं हळदीचं मोठं रान आहे. पन्नाशीचा, रुंद छातीचा माणूस, आवाज असा की दुकानाच्या बाहेर उभा असलेला रिक्षावालाही वळून बघेल.

“चाचा, रिव्हॉल्व्हर पाह्यजे. परवाना झाला,” त्यांनी कागद काउंटरवर आपटला.

“किसके वास्ते, पाटील?”

“रानडुकरं. हळदीत घुसून राहिलेत. आन् आमचं घर गावाबाहेर, वावरात. जवळ कायतरी असावं मानसाच्या.”

“डुकराला रिव्हॉल्व्हर?” चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले. “डुक्कर काय लग्नाला येऊन राहिलं का, तुमच्या कमरेचं पाहायला? बारा बोअरची बंदूक घ्या.”

“न्हाई. रिव्हॉल्व्हरच.”

“बराबर. घरातलं मानूस?”

“जीपमधी बसली हाय.”

“बुलाव,” चाचा तरन्नुमला म्हणाले.

अशा रीतीने सखुबाई दुकानात आल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, डोक्यावरचा पदर नीट. त्यांच्या बोटांच्या पेरांत पिवळा रंग मुरलेला होता. हळद काढून, शिजवून, वाळवून ज्या घराचं पोट भरतं, त्या घरातल्या बायकांचे हात असेच असतात. तरन्नुमने काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं आणि आम्हा तिघांना त्यावर मांडलं. दोन नवे, तिसरा मी. तातेरावांचा हात लगेच सगळ्यात छोट्या, चांदीसारख्या चमकणाऱ्या रिव्हॉल्व्हरकडे गेला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत रस्त्यावर गेले. फोनवरचा आवाज चढत गेला. ‘बांध’, ‘बालाजी’, ‘हात लावून तर पाहा’ एवढे शब्द आत ऐकू आले. बालाजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दोघांची रानं एका बांधाने विभागलेली आहेत, आणि तो बांध दरवर्षी कुणाच्या तरी नांगराने थोडा सरकतो.

सखुबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“चाचा, ह्याच्यात सगळ्यात हळू कोनतं चालतं?”

चाचांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “हळू?”

“व्हय. त्यांचं डोकं लई लवकर तापतं. निवतं बी लवकर. पर मधी थोडा येळ पाह्यजे, बस. तेवढा येळ मला द्या.”

चाचांनी तो चमकणारा रिव्हॉल्व्हर बाजूला सारला. मग त्यांनी मला उचललं आणि घोडा कसा ओढायचा ते दाखवलं. सखुबाईंनी स्वतः करून पाहिलं. एका अंगठ्याने जमेना, तेव्हा दोन्ही लावले.

“लई जड हाय.”

“एक किलोच्या वर, बहेन.”

“गोळ्या?”

“तकलीफ आहे. शोधाव्या लागतात.”

“मग ह्योच द्या,” सखुबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी इतकी वर्षं निवड व्हावी म्हणून तळमळत होतो, आणि निवड झाली ती माझ्या सगळ्या दोषांसाठी! मला अमीनसाहेबांचे शुक्रवार आठवले. या बाईला माझी किंमत काय कळणार, असं म्हणून मी तिच्यावर मनातून चिडलो. तो राग पुढे वर्षभर मी सांभाळून ठेवला.

तातेराव आत आले आणि पुन्हा त्या चकचकीत रिव्हॉल्व्हरला चिकटले. सखुबाई सहज म्हणाल्या, “घ्या की. गोजिरवानं हाय. बाईच्या पर्समधी बी मावल.”

पाटलांनी तो खाली ठेवला. मग मला उचललं, काउंटरमागच्या आरशासमोर उभे राहिले आणि कमरेला लावून पाहिलं. छाती दोन बोटं पुढे आली. पुढच्या चार महिन्यांत कागदपत्रांच्या सगळ्या सह्या झाल्या आणि मी आखाडा बाळापूरच्या वाटेला लागलो.

पहिले काही दिवस माझी फार मिजास होती. पाहुणे येत, तातेराव मला पुढे करत, आणि ‘पाटील, शस्त्र शोभतं बरं का तुमाला’ असं कुणी म्हणालं की दोघांनाही गुदगुल्या होत. पण मी जड. आठवडी बाजाराला जाताना त्यांनी मला कमरेला लावलं तर पँट खाली सरकू लागली, आणि एका हाताने पट्टा धरून त्यांना भाजी घ्यावी लागली. डुकरांचं तर विचारूच नका. एकदा भल्या सकाळी एक डुक्कर हळदीत दिसलं. पाटलांनी मला काढलं, अंगठा घोड्यावर ठेवला, तो निसटला, पुन्हा ठेवला, ‘कट्’ झालं, तोवर डुक्कर बालाजीच्या उसात जाऊन बसलं होतं. सखुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

त्यानंतर मी पाटलांच्या घरच्या कपाटात गेलो. त्या कपाटात वर माझी फळी आणि खाली सखुबाईंची लुगडी. किल्ली त्यांच्याच कमरेला. तेलाचा थेंब नाही, फडकं नाही. शुक्रवार येत आणि जात. मी आतल्या आत कुढत होतो.

मग खंडेनवमी आली. तुमच्याही घरी त्या दिवशी विळा, कोयता, नांगराचा फाळ धुऊनपुसून पुजत असतील. त्या वर्षी सखुबाईंच्या पाटावर त्या सगळ्यांच्या मधोमध मी होतो. घरात शस्त्र आलेलं, मग पूजा साधी कशी व्हावी? त्यांनी घरच्या हळदीत पाणी घालून दाट लेप कालवला आणि माझ्या अंगभर लावला. घोड्याच्या खाचेत नीट बोट घालून लावला, जिथे दिसत नाही तिथेही. वर कुंकू, वर तांदूळ, वर झेंडूचं फूल. तातेरावांनी नारळ फोडला आणि नारळाचं थोडं पाणीही माझ्यावर शिंपडलं. फाळाला आणि कोयत्याला असल्या लाडाने काही होत नाही. माझ्या पोटात मात्र बारीक बारीक कमानी आणि दाते आहेत. हे त्या दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही, आणि मला सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात निवडणूक जाहीर झाली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. पाटलांनी मला तशाच पुजलेल्या अंगाने लाल फडक्यात गुंडाळलं आणि ठाण्यात नेऊन दिलं. माझ्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली गेली. दीड महिन्याने घरी आलो तेव्हा लेप सुकून आत दगडासारखा बसला होता. तातेरावांनी घोडा ओढला. तो हलला नाही. दोन्ही अंगठे लावले. तरीही नाही. रागाने त्यांनी मला खाटेवर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी दोघंही मला घेऊन हिंगोलीला आले.

चाचांनी माझी बाजूची पट्टी खोलली आणि कपाळावर हात मारला. “या खुदा! पाटील, हत्यार आहे की हळदीचं नवरदेव? तांदळाचा दाना सुद्धा निघाला आतून!”

“खंडेनवमीला लावली थोडी,” तातेराव ओशाळले.

“सुकी चिमूट वरून लावा, मी कधी ना म्हणलो? ओली हळद आत गेली की गाळ जमतो. त्याच्यात गंज धरतो. आठ दिवसांत घोडा बंद. ऐन वक्ताला मानूस ओढत राहील आणि हे हलनार न्हाई. समजलं?”

“समजलं,” तातेराव म्हणाले.

सखुबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणत होतो, ऐक बाई, नीट ऐक, पुन्हा असली चूक करू नकोस. त्यांनी खरंच नीट ऐकलं होतं.

चाचांनी मला पुसून, तेल देऊन असं काही तयार केलं की अमीनसाहेबांचे दिवस परत आल्यासारखं वाटलं. घोडा पुन्हा ‘कट्’ म्हणू लागला. मी खुशीत घरी गेलो.

पुढचं वर्ष पावसाचं निघालं. आषाढ गेला, श्रावण गेला, पाऊस थांबायचं नाव घेईना. हळदीला पाणी लागतं, पण साचलेलं पाणी चालत नाही. दोन-तीन दिवस मुळाशी पाणी उभं राहिलं की गड्डे कुजतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. बालाजीचं रान वरच्या अंगाला आहे. त्याच्या रानातलं पाणी निघायला जागा नव्हती, म्हणून त्याने बांधाला एक चर पाडली, आणि ते सगळं पाणी तातेरावांच्या हळदीत येऊ लागलं. तातेरावांनी चर बुजवली. बालाजीने पुन्हा उघडली. पोळ्याच्या दिवशी गावात बैलांसमोरच दोघांची जुंपली. चार माणसांनी धरलं म्हणून हातघाईवर आलं नाही.

त्या दिवशी तातेराव घरी आले ते पुरणपोळीच्या ताटाकडे न बघता. त्यांनी सखुबाईंकडून किल्ली मागून घेतली, मला काढलं, डबीतून सहा गोळ्या घेतल्या आणि माझ्या कुशीतल्या छोट्या झडपेतून एकेक करून माझ्या सहाही घरांत भरल्या. मग मला परत फळीवर ठेवलं आणि किल्ली परत दिली. सखुबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाटील रानात गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. हातात वाटी होती. वाटीत काय आहे हे मला वासावरूनच कळलं. मी अंग चोरलं, पण लोखंड किती अंग चोरणार? सखुबाईंनी मला हातातही घेतलं नाही. भरलेल्या हत्याराला त्या भीत होत्या. मी फळीवर पडलेला असतानाच त्यांनी बोटाने ओली हळद घेतली आणि घोड्याच्या खाचेत हळूहळू, दाबून दाबून भरली.

“देवा, माझ्या हातून पाप होत असंल तर मला शिक्षा दे,” त्या पुटपुटल्या. “त्यास्नी नको देऊ. भावजीस्नी बी नको.”

मला लपवून टाकणं त्यांना सोपं होतं. पण मी जागेवर दिसलो नसतो तर पाटलांनी घर डोक्यावर घेतलं असतं आणि नवीन काहीतरी शोधलं असतं. म्हणून त्यांनी मला तिथेच राहू दिलं. दर दोन-तीन दिवसांनी वाटी यायची. वरून मी पूर्वीसारखाच दिसायचो, कारण त्या पदराने अंग पुसून काढत. आत मात्र थरावर थर चढत होते. मित्रांनो, मला तेव्हा किती संताप आला होता म्हणून सांगू! ही बाई मला जिवंत पुरते आहे, असंच मला वाटत होतं. मी जन्माला आलो ते एका कामासाठी, आणि तेच काम माझ्यापासून कुणी हिरावून घेत होतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी पाऊस धो धो कोसळत होता. तातेराव रानातून पळत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल.

“फोडला! साऱ्या बांधाला खिंडार पाडलं त्यानं! हळदीत गुडघाभर पानी हाय!”

किल्लीसाठी त्यांनी नुसता हात पुढे केला. सखुबाईंनी ती कमरेची काढून दिली. नाही म्हणाल्या असत्या तर कपाट फोडलं गेलं असतं. मी पाटलांच्या मुठीत आलो आणि आम्ही निघालो. मागे सखुबाई अनवाणी, डोक्यावर काही नाही, धडपडत येत होत्या.

बालाजी बांधावर उभा होता. हातात फावडं, अंगावर गोणपाट. दादाच्या हातात काय आहे ते दिसलं तसं त्याने फावडं खाली टेकवलं.

“दादा, ते काहून आनलं?”

तातेरावांनी मला सरळ धरलं आणि अंगठा घोड्यावर ठेवला.

आता मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मलाही सुटायचं होतं. इतकी वर्षं कपाटात काढलेली, इतके अपमान गिळलेले, आणि आता कुणीतरी मला खरोखर वापरायला निघालेलं. माझं पोट भरलेलं होतं, नळी सरळ होती, आणि समोर छातीवर भिजलेलं गोणपाट होतं. मी सगळ्या लोखंडानिशी जोर लावला. घोडा हलला नाही.

तातेरावांनी पुन्हा ओढलं. पुन्हा. दोन्ही अंगठे लावून, दात खाऊन ओढलं. पावसाचं पाणी खाचेत शिरत होतं, आणि तिथून एक पिवळा ओघळ निघून त्यांच्या अंगठ्यावरून मनगटाकडे वाहू लागला. त्यांनी ओढणं थांबवलं आणि त्या ओघळाकडे बघत राहिले.

बालाजीनेही पाहिलं. त्याच्या घरातही तोच धंदा.

“दादा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “हळद हाय ती.”

सखुबाई तोवर येऊन पोचल्या होत्या. धाप लागली होती. त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, पाठ दिराकडे आणि तोंड नवऱ्याकडे.

“मीच लावली,” त्या म्हणाल्या. “पोळ्यापासून.”

“काहून?” तातेरावांचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका लहान झाला होता.

“चाचा म्हनाले व्हते, ऐन वक्ताला हलनार न्हाई म्हून. मला तेच पाह्यजे व्हतं. पानी जाईल, हळद फुडल्या साली पुन्हा लावू. तुमी जेलात गेल्यावर मी कोनाच्या तोंडाकडं पाहू? जाऊबाईनं कोनाच्या तोंडाकडं पाहावं?”

मुठीत मी होतो, म्हणून मला कळलं: तातेरावांचा हात आधी गच्च होता, मग हळूहळू ढिला पडला. सखुबाईंनी चाचांकडे मागितलेला तो थोडा वेळ हाच होता. या वेळेला तो जरा जास्त मिळाला, एवढंच. पाटील बांधावरच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या मांडीवर होतो. माझ्या पोटात सहा गोळ्या तशाच होत्या, आणि मला माझीच भीती वाटत होती.

भाऊ भावाच्या गळ्यात पडला, असं काही झालं नाही. बालाजीने फावडं उचललं आणि तो खिंडार बुजवू लागला. थोड्या वेळाने तातेरावही उठले आणि हातांनीच माती लोटू लागले. अर्धी हळद त्या वर्षी गेलीच. दोघं आजही एकमेकांशी मोजकंच बोलतात. पण बालाजीच्या घरासमोरून जाताना तातेराव मान खाली घालत नाहीत, आणि बालाजीची बायको सणाला सखुबाईंकडे येते.

आठ दिवसांनी नवरा-बायको मला घेऊन हिंगोलीला आले. तरन्नुमसमोरच चाचांनी आधी जपून गोळ्या काढल्या, मग पट्टी खोलली. आत पिवळ्या थरांनी सगळे दाते गच्च धरून ठेवले होते. या वेळी त्यांनी कपाळावर हात मारला नाही. सखुबाईंकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

“विकून टाका, चाचा,” तातेराव म्हणाले. “परवाना बी परत करनार हाय मी.”

“बराबर. साफ करून ठेवतो.”

“चाचा,” सखुबाई म्हणाल्या, “घेनारा कोन हाय ते पाहून साफ करा.”

चाचांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग त्यांनी पट्टी पुन्हा बसवली, स्क्रू आवळले, आणि मला तसंच, हळदीसकट, दुसऱ्या फळीवर ठेवलं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतील आणि शेवटी म्हणतील, आम्हाला जपा, पुसा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. मीही पूर्वी तेच म्हणालो असतो. आज मी उलट मागणं मागतो. मला तेल देऊ नका. मला पडून राहू द्या. माणसाला जपा; रागात असलेल्या माणसाला तर सगळ्यात जास्त जपा, कारण त्याला हवा असतो थोडासा वेळ, आणि तो वेळ देणारं कुणीतरी घरात असावं लागतं. ज्या बाईवर मी वर्षभर चिडलो, तिनेच मला एका फार मोठ्या कलंकापासून वाचवलं. तिची माफी मागायला मला तोंड आहे, पण त्या तोंडातून शब्द निघत नाहीत. जे निघतं ते कधीच न निघालेलं बरं.

परवाच दारावरची घंटी वाजली. वसमतकडचा एक तरुण आला होता. त्याला मोठ्या बोअरचा, जुन्या पद्धतीचा रिव्हॉल्व्हर हवा होता, मोबाइलवर फोटोही आणला होता. तरन्नुमने मला काढून फडक्यावर ठेवलं. त्याचे डोळे चमकले. त्याने घोडा ओढून पाहिला आणि म्हणाला, “जाम झालंय. साफ करून मिळंल ना?”

या वेळी मला निवडलं जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. तरन्नुमने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग दाराबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या आईकडे पाहिलं आणि तिला आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग माझ्या घोड्याच्या खाचेवर बोट ठेवून तिने त्या माऊलीला विचारलं, “मावशी, घरात हळद असते ना?”